पेपरातली ओंजळ

आपले नातू परीक्षेले पाण्याची बाटली नेतात, त मले त्या पोरांचा हेवाच वाटते गड्या.

आपण दीक्षा घेतली, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी मॅट्रिकले बसलो. रोहण्याहून तालुक्याच्या सेंटरवर. नियम असा, का पेपर होईपर्यंत जागेवरून उठायचं नाई. तहान लागली त हात वर करा, चपराशी पाणी आणून देईल.

गणिताच्या पेपरले मी हात वर केला. चपराशी बाकीच्या पोरांले गिलासात पाणी देऊन राह्यला होता. माझी जात त्याले ठाऊक. म्हणे, "ओंजळ कर."

मी ओंजळ करून बाजूले वळलो, त मास्तर वरडले, "ए, काऊन वळून राह्यला? शेजारच्याचं पाहतं?"

मंग करतो काय? समोरच ओंजळ धरली. त्यानं वरून धार सोडली. अर्धं पाणी तोंडात, अर्धं उत्तरपत्रिकेवर. केलेली सारी गणितं शाईसंगं वाहून गेली.

"मास्तर, दुसरे कागद द्या."

"देतो. पण वेळ वाढवून भेटणार नाई. नियम म्हणजे नियम."

नापास झालो.

पुढच्या साली पुन्हा बसलो. आता आम्ही बौद्ध होतो, पण चपराशी तोच, अन् त्याची धारही तेच. घसा कोरडा पडला तरी मी हात वर केला नाई. पास झालो.

निकालाच्या दिवशी तेच मास्तर भेटले. लांबूनच म्हणाले, "शाब्बास! यंदा एवढं मन लावलं, का पाणीसुद्धा नाई मागितलं."