माश्या परत येईस्तोवर

—नाही भाऊ, आत्ता पेटीचं गेट नका लावू. माफ करा, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, मले गोड बोलता येत नाही, साधंच बोलतो — पण आत्ता नका लावू. अर्ध्या मधमाश्या बाहेर आहेत, करंजीच्या फुलावर. सांजेले त्या येतील अन् पेटीच नसली तर? ह्याच रिकाम्या जागेवर फिरत राहतील, मरेपर्यंत. दिवस बुडू द्या. साऱ्या आत गेल्या का मीच गेट लावून देतो, मंग न्या तुमच्या घरी, देवरीले. तुमच्या बहिणीच्याच पेट्या आहेत, तिच्या नावानं ट्रेनिंगमधून भेटल्या, मी कायले अडवू? तोवर तिले, रचनाले, गाडीतून उतराले सांगा ना — काच लावून बसली आहे, ऊन आहे. नाही म्हणते? बरं. राहू द्या.

अन् ते हेल्मेट काढा, संघदीपभाऊ. दहा हात दूर उभं राहून हेल्मेट! माश्या हसून राहिल्या तुमाले. या इकडं, बाजूनं या — दारासमोर नाही, त्यायच्या रस्त्यात माणूस उभा राहिला का त्या चिडतात. शिकून घ्या, तिकडं उतरवताना तुमचाच हात लागेल. झाकण एकदम नाही उचलायचं. एक कड वर करायची, थांबायचं, उजेडाची सवय होऊ द्यायची. पोळ्याची चौकट सरळ वर घ्यायची, हळू — बाजूच्या चौकटीले घासली का माश्या रगडल्याच. एक रगडली का तिचा वास सुटतो, मंग साऱ्या अंगावर येतात. अन् लावताना तर आणखीन सावकाश. झाकण वरून ठेवायचंच नाही. असं तिरपं टेकवायचं, सरकवायचं, मधी थांबायचं — पाहा, काठावरच्या आत चालल्या — आता पुढं. घाई केली का चरचर आवाज येते. तो आवाज रचनाले सहन नाही होत. मी तर पहिले धप्पकन ठेवत होतो. हे सरकवणं तिनंच शिकवलं मले. ‘तुमाले साधं दार लावता येत नाही,’ म्हणे. हसत होती तेव्हा.

काय म्हणता? मी तिच्याशी बोलत नाही? तिनंच सांगितलं असेल — माश्यायशी बोलतो अन् माझ्याशी नाही. खोटं नाही ते. पोरगी मेलेली जन्मली तवापासून मले शब्दच सापडत नाही, भाऊ. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल, ह्याचंच भेव वाटते. म्हणून चूप राहतो. अन् तिले वाटते मले काही झालंच नाही. तिच्या मनात एकच बसलं आहे — पोरगी गेली, ती दवाखान्यात पडलेली, अन् दुसऱ्याच दिवशी सकाळी हा पेट्या उघडाले गेला. कपड्याले धुराचा वास होता ना माझ्या — पेटी उघडताना माश्यायले धूर देतो, तसा. तो वास आला अन् तिनं भिंतीकडं तोंड केलं. तवापासून तिकडंच आहे ते तोंड.

नव्हतो गेलो. पेट्यायले हातच नव्हता लावला त्या दिवशी. हे तिले सांगसाल नाही — माझी शपथ आहे तुमाले. मी तरी कसं सांगू? आईले कोणी असं सांगते का? आदल्या सांजेले मी अन् माझ्या काकाजीनं पोरीले बोडीच्या, तळ्याच्या काठी पुरलं. खाली मुरूम होता, खड्डा खोल गेला नाही. काकाजी म्हणाले, पुरे आता. मले रातभर झोप नाही. उजाडलं अन् गेलो पाहाले. एका कडेनं माती उकरली होती. कोल्ह्यानं. आत नव्हता पोचला, भाऊ — नव्हता पोचला, मी नीट पाहिलं. माती हातानं बसवली. बोडीतले दगड आणून वर रचले. घरून शेण्या आणल्या, भोवताल पेटवल्या, धुरानं तो पुन्हा येऊ नये म्हणून. ऊन चढेपर्यंत फुंकत बसलो. मंग भेटली ती बस धरली, तसाच दवाखान्यात गेलो, अन् त्याच धुराच्या कपड्यानं तिच्या खाटेजवळ उभा राहिलो.