चौथ्या टाकीचे मार्क

तात्यासाहेब : अरे, थुंकतो काय? पुन्हा थुंकला! चांगली नाय का?

श्रीनिवास : चांगली आहे, तात्या. चव घेताना गिळायची नसते. सगळं पीत बसलो तर शेवटच्या टाकीला जीभच राहणार नाही.

तात्यासाहेब : बद्रीबी असाच थुंकायचा. मी म्हणायचो, बापानं बागेत रगत आटवलं अन् हा पठ्ठ्या थुंकून ऱ्हायलाय. हसायचा नुसता. पर तू शहरातल्या मोठ्या हॉटेलांना वाईन निवडून देतो, म्हणून दोस्ताचा शब्द त्याला बापापेक्षा खरा वाटायचा. बरं, हिला दहात किती?

श्रीनिवास : पहिल्या वर्षाची ना ही? सहा. जराशी पातळ आहे, पण वास छान. पिकल्या जांभळाचा.

सरूबाई : पयल्या साली लई भीत होता माझा बद्री. घाईघाईनं गाळली त्यानं.

श्रीनिवास : हो काकू, तसंच आहे. आता ही दुसरी... आठ. सगळ्यात चांगली हीच. मी गेल्या खेपेलाच सांगितलं होतं, तर म्हणे, सातच दे, नाहीतर माझ्या डोक्यात हवा जाईल.

तात्यासाहेब : अन् तिसरी?

श्रीनिवास : सात. त्या साली गारपीट झाली होती ना?

तात्यासाहेब : व्हय. अर्धी बाग झोडपली. तेबी कळतं का जिभेला?

श्रीनिवास : जिभेला कुठलं कळतंय! मी आलो होतो ना तेव्हा. तुम्ही आणि बद्री बांधावर बसला होतात, झोडपलेली बाग बघत.

तात्यासाहेब : झालं मग. तिन्ही टाक्यांवर खडूनं मार्क टाक, तो टाकायचा तसे. चौथीला हात लावू नको.

श्रीनिवास : का? तीच तर त्याची शेवटची.

तात्यासाहेब : नासली ती. द्राक्षं टाकीत पडली, अन् दोन-तीन दिवसांत बद्री बुचं आणायला म्हणून शेंद्र्याला गेला. पुढचं तुला ठाव हाय. घरात सुतक. मी ह्या शेडला कुलूप घातलं. तेरावं होईस्तोवर कुणी आत पाय ठेवला नाय. मंग आपल्या पुंजाराम गड्यानं गाळून टाकी बंद केली, पर तोवर काय ऱ्हायलं असंल तिच्यात? उद्या नाल्याला सोडून देतो.

श्रीनिवास : चव न घेता?

तात्यासाहेब : त्याचाच कायदा हाय. सहाच्या खाली गेली तर बाटलीवर नाव टाकायचं नाय, ओतून द्यायची. लोकांनी म्हणायला नको, पोराची शेवटची अशी निघाली. तेवढं तरी मला राखू दे त्याचं.

श्रीनिवास : त्याचा कायदा म्हणता, तर मार्क चव घेऊनच द्यावे लागतील. तो ग्लास द्या काकू.

सरूबाई : नको रं श्रीनिवास. ऱ्हाऊ दे.

तात्यासाहेब : तुझं काय मधीच?

(श्रीनिवास घोट घेतो. या खेपेला थुंकत नाही.)

तात्यासाहेब : काय? सिरका झाला ना?

श्रीनिवास : नाही तात्या. वाईन आहे ही.

तात्यासाहेब : कसं व्हईल? बद्रीच सांगायचा, द्राक्षाच्या साली फुगून वर येतात, तो थर रोज दांड्यानं खाली दाबला नाय तर सगळं आंबतं.

श्रीनिवास : मग तो रोज कुणीतरी दाबलाय.

तात्यासाहेब : कुलूप होतं. किल्ली घरात, देवळीत... काय गं?

सरूबाई : मीच. तुमी वसरीवर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. सकाळ-सांज येत होते मी.

तात्यासाहेब : सुतकात? देवाला दिवा लावला नाय आपण, अन् तू...

सरूबाई : देव थांबला. हे थांबत नव्हतं. टाकीत बुडबुड वाजत होतं वं, दाराबाहेर ऐकू यायचं. पोरानं चालू केलेलं एवढं एकच ऱ्हायलं होतं. तेबी बंद पडू द्यायचं?

तात्यासाहेब : मला सांगायचं नाय?

सरूबाई : तुमी कुलूप बदललं असतं.

तात्यासाहेब : व्हय. बदललं असतं. ... मार्क सांग, श्रीनिवास. हिच्या तोंडाकडं बघून नको, खरे सांग.

श्रीनिवास : पाच.

तात्यासाहेब : एकानं गेली.

श्रीनिवास : फार तुरट आहे. ठेवली तर वर्षा-दोन वर्षांत मवाळ होईल, तेव्हा पुन्हा चव घेऊ. पण आज पाचच. सहा म्हणालो तर बद्री मला माफ करणार नाही.

तात्यासाहेब : ठेवलेली चालती का? त्याच्या कायद्यात बसतं?

श्रीनिवास : बसतं. दुसरी टाकी तो स्वतःच मुरत ठेवून बसला होता. आधी तीही पाचच होती.

तात्यासाहेब : मंग नाल्याला नाय सोडायची. पाच लिही. पुसलं तरी दिसलं पाहिजे, असं मोठं लिही.

सरूबाई : तुरट कशानं झाली रं? माझं काय चुकलं?

श्रीनिवास : चुकलं नाही, काकू. थर फार जोरानं दाबला की सालीतलं सगळं खाली उतरतं. बद्री हलक्या हातानं दाबायचा.

सरूबाई : तो कुठं रडत-रडत दाबायचा, बाबा.