चंद्रीचा पाय

नाही, दिनकरराव, गोदानाला चंद्री मिळायची नाही — किती वेळा सांगू? बसा तरी. त्या खाटेवर नको, तिथं शेळी बसते — हां, इकडे. आईंचं ऐकलं, शेवटचं चाललंय म्हणे, वाईट वाटलं, तोंडदेखलं नाही बोलत. पण इथून थाटीपुराहून शिंदे की छावनीपर्यंत ती चालेल कशी? पाय बघितलात तिचा? टांगा उभा आहे म्हणता — टांग्यात काय गाय बसते होय!

दुसरी? दुसरी कुठली देऊ? ती भुरी आंधळी, तो बैल तेलघाण्यावर झिजून टाकून दिलेला — आणि त्या तिघी, शिंगांना अजून कुंकू आहे बघा, त्या तर तुमच्यासारख्यांच्याच घरून आलेल्या. गोदान झालं, म्हातारं माणूस सुटलं, भटजींकडे बांधायला जागा नाही — दिली रस्त्यावर सोडून. मी आणते इथं. 'गैयावाली माई' म्हणतात मला सगळे, येता-जाता पाया पडतात. अनसूयाबाईंनी केवढं पुण्य जोडलंय म्हणे! पुण्य कसलं, बताओ. मला तोंड लपवावंसं वाटतं.

मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा तुम्ही असाल आठ-नऊ वर्षांचे. आम्ही तेव्हा लश्कर शहरात, दाना ओलीच्या गल्लीत राहायचो, आमचे हे भिक्षुकी करायचे. घरोघर माणसं जात होती — आणि जाणाऱ्याच्या हातात गाईचं शेपूट दिलं की तो वैतरणी तरून जातो, शास्त्रच आहे, मी नाही म्हणत नाही. पण एवढ्या गाई आणायच्या कुठून? मग आमची चंद्रीच. गाय आमची, दान तुमचं, घरी आणून बांधतो न बांधतो तोच पुढचं बोलावणं. हे मंत्र म्हणायचे, दोर माझ्या हातात. दिवसाला सहा-सहा घरं. भुसा कोण घालतो, पाणी कोण दाखवतो! हात लागून लागून शेपटाचा गोंडा झडून गेला होता. आणि गाभण होती. हो — माहीत होतं मला. तुमचे वडील गेले ना, त्याच दिवशी तुमच्याच पायरीवर तिनं गाभ टाकला. मी काय केलं? पायरी धुतली आणि दोर ओढला. पुढच्या घरी माणसं वाट बघत होती.

पाय? पायाचं सगळ्यांना सांगते, की टांग्याची धडक बसली. तुम्हालाही तेच सांगितलं असेल — टांगा-बिंगा काही नव्हता. त्याच आठवड्यात ह्यांनाही ताप भरला, तिसऱ्या दिवशी घरघर लागली. म्हटलं, अख्ख्या लश्कर शहराला तारलं ह्यांनी, आता ह्यांच्या हातात शेपूट नको? चंद्री अंगणात बसलेली. उठेना. गोंजारलं, गूळ दाखवला — उठेना. मग मी काठी घेतली. दिनकरराव, मारलं मी तिला. ज्या हातानं रोज सकाळी कुंकू लावायची त्याच हातानं. हाड मोडल्याचा आवाज आला मला — आला, आणि तरी थांबले नाही. आतून हे म्हणत होते, "नको गं, राहू दे तिला, तू इकडे ये." दोनदा म्हणाले. मी म्हटलं, आलेच, उठतेय बघा ती — उठतेय कुठली! आत गेले तेव्हा — तेव्हा काय. हात चटईबाहेर पसरलेला होता. रिकामाच.

आणि ही बया अजून माझ्या हातचं खाते. हात चाटते. एकदा शिंग उगारलं असतं तर बरं वाटलं असतं मला. ही सगळी जनावरं त्यानंतरची — लोकांना वाटतं दयेपोटी.

आईंना गती कशी मिळेल, ते मला नका विचारू, मला कुठं ठाऊक. भटजी काढतील काहीतरी तोडगा, काढतातच ते. आत्ता कोण आहे त्यांच्यापाशी? — कुणीच नाही? अहो, मग इथं काय बसलात माझं ऐकत! जा. हात धरा त्यांचा. उठा म्हणते ना — आणि फाटक ओढून घ्या जाताना, शेळी बाहेर पळते.