दाळ शिजणारं पाणी

राम राम मंडळी. आज आमच्या शांताआत्याचा तेरावा. कामंधामं टाकून तुमी सगळे आलात. सासूवर सुनेनं बोलायचं, तेबी गावापुढं, लई जड जातंय बघा. बायांच्या जागेवर तुमी मला पंचायतीत निवडून दिलं. तिथं मी सही करते आन् गप बसते. आज न्हाई बसणार.

ह्या गावच्या पाण्याची पारख आत्याच करायच्या. नवं पाणी लागलं की त्यात तुरीची दाळ टाकायच्या. दाळ गाळ शिजली, पाणी चांगलं. टणक राहिली, पाणी जड. लग्नाचा आचारीबी आधी आत्याला इचारायचा.

आपल्या बारवेचं पाणी जड. दाळ शिजंना, साबणाला फेस येईना. दुष्काळात बोरची गाडी आली, पारापाशी लई खोल पाणी लागलं. हापसा बसला. आत्यानं दाळ टाकली आन् बघता बघता वरण झालं! आत्या मनल्या, "बायांनो, हे पाणी न्हाई, अमृत हाय." गावानं बारव सोडली.

आन् मग वर्सं सरली तसं काय झालं? लेकरांच्या दातावर तांबडे पट्टे आले. चोरून मिसरी लावता मनून आपण पोरींना बडवलं. आत्याची मान धरली. हाक मारली की सगळं अंग फिरवायच्या. आपण मनलो, वात हाय.

मग तपासणीवाल्या बाई आल्या. मनल्या, "आजी, ह्या पाण्यात चुना कमी, मनून दाळ शिजती. पण फ्लोराइड लई हाय. ते दातात, हाडात बसतं. जिभेला कळत न्हाई, दाळीलाबी कळत न्हाई." हे पाणी पिऊ नका, ह्याची खूण मनून हापशाला लाल रंग देऊन गेल्या. आपण काय मनलो? झकास दिसतोय!

त्या दिवशी आत्या जेवल्या न्हाईत. मनल्या, "सुमन, माझ्या दाळीनं गावाला फशिवलं गं." दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन निघाल्या बारवेला. घरोघर सांगत फिरल्या, "प्यायला बारवेचं न्या. दाळ कच्ची राहिली तर राहू द्या, चुलीत दोन लाकडं जास्ती घाला." तुमी हसलात. "म्हातारीला चळ लागलाय." "दारातल्या पाण्याला नाव ठिवू न्हाई." हेच मनलात ना?

त्याच बारवेच्या पायरीवर त्या घसरल्या. दहाव्यापासून ऐकतेय मी. "दारात हापसा असताना म्हातारी बारवेला कशाला गेली? हट्टानं मेली."

कशाला गेली? सांगते. पाय सुटला तवा खाली बसता आलं असतं तर वाचल्या असत्या. गुडघाच वाकत नव्हता. पायरी बघायला मान लवत नव्हती. ती मान कुणी ताठ केली? बारवेनं?

माझा जीव थाऱ्यावर न्हाई बघा. माझ्या धाकटीला आता दुसरे दात येतायत. रोज सकाळी उजेडात नेऊन तिचं तोंड उघडून बघते. घरात बारवेचं पाणी गाळून, उकळून ठिवते. शाळेत तहान लागली की ती पळती हापशालाच! कुठं कुठं धरू तिला? तुमची लेकरंबी तिच्याच मागं रांगेत असत्यात.

मनून एकच मागते. हापसा धुण्याभांड्याला ठिवा, प्यायला बंद करा. बारव उपसा, वर रहाट बसवा, कुणाला पायरी उतरायला नको. उद्या ग्रामसभेत हात वर करा. नुसतं "म्हातारी लई चांगली व्हती" मनून जाऊ नका.

आता आत्यासाठी जरा वेळ हुबं राहून गप राहायचं. उठा.

हळू. घाई न्हाई. तात्या, तुमी बसूनच राहा. काकू, तुमीबी. बबनभाऊ... अवो, तुमी तर माझ्या धन्याच्या बरोबरीचे. खांबाला धरा. जमंना? असू द्या, बसा. ज्यांना उठता येत न्हाई त्यांनी बसून हात जोडा.

हुबे राहिलेल्यांनो, माझ्याकडं नका बघू. आत्याच्या फोटोकडंबी नका बघू. बसलेल्यांकडं बघा.

आता गप.