अडीच इंच टाच

—नाही नाही, मोजेही काढा. मोज्यावरून घेतलेलं माप म्हणजे दुलईवरून नाडी बघण्यातला प्रकार. या कागदावर उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या — असा — आणि पेन्सिल फिरली की दचकू नका, गुदगुल्या होतात सगळ्यांना. हं, काय म्हणत होतात? सगळी दुकानं पालथी घातलीत? घातली असणारच. डॉक्टरांनी सांगितलं सपाट पाहिजे, पुढे बोटांना मोकळं पाहिजे, तळ इतका पातळ की खालची जमीन पायाला कळली पाहिजे — आणि तुम्हाला पाहिजे स्टेजवर शोभेल असं. आणि दुकानदाराने काय काढून ठेवलं पुढ्यात? करड्या रंगाची होडी, वर पट्ट्या चिकटवायच्या. बरोबर? नाहीतर शाळकरी पोरींचे बक्कलवाले. दवाखाना नाहीतर शाळा, मधे बाई म्हणून काही नसतंच. मी आठ महिने हिंडले होते असे बूट शोधत, तेव्हा रडकुंडीला आले होते — मग म्हटलं, मिळत नाहीत ना, स्वतःच करू. हा जोड बघा. लांबून टोकदार दिसतो की नाही? आता हात घाला आत. पाचही बोटं पसरतात! टोक नाहीच ते, शिवण तशी तिरकी नेलीय, पुढचा गळा खोल कापलाय, वर चकचकीत चामडं — डोळा फसतो, पाय फसत नाही. टाच शून्य. मुली याला अनवाणी बूट म्हणतात. लग्नात घालतात, मुलाखतीला घालतात, कोणाच्या बापाला कळत नाही.

पेलतंय ना उभं राहणं? थोडंच राहिलंय. कुठे शिकले? सांगते की. शिकायच्या आधी नऊ वर्षं मी एका हॉटेलात रिसेप्शनला होते. मोठं हॉटेल, संगमरवरी लॉबी, मधे तीन पायऱ्या. काउंटरमागे खुर्ची नाही — खुर्ची असली की माणूस बसतो म्हणे. आणि टाच अडीच इंच. जास्त चालेल, कमी नाही. आमच्या एक मॅडम होत्या, रोज सकाळी पावणेसातला आम्हा सहाजणींना ओळीत उभं करायच्या आणि स्टीलच्या पट्टीने टाच मोजायच्या. स्वतः वाकायच्या नाहीत हं — आम्ही एकेक पाय मागे उचलून धरायचा, नाल ठोकताना घोडा धरतो तसा. माझा अंगठा तिसऱ्या वर्षी वळायला लागला, सातव्या वर्षी शेजारच्या बोटावर चढला. ऑपरेशन झालं. टाके निघून नऊ दिवस झाले होते तेव्हा मी कामावर गेले, काळे सपाट बूट घालून, डॉक्टरांचं पत्र हातात. मॅडमनी पत्र घडी घालून परत दिलं. वाचलं नाही. पट्टी लावली आणि म्हणाल्या, "पाऊण इंच. काढ." काढले. भर लॉबीत, पाहुणे येतायत-जातायत, आणि मी पट्टी बांधलेल्या पायाने गार फरशीवर उभी — स्टोअरमधून कोणाचा तरी टाचेचा जोड येईपर्यंत. एक पाहुणी तर माझ्याकडे बघून चक्क दुसऱ्या बाजूने गेली, मला काही लागण झाल्यासारखी. फक्त फरशी पुसणारे दादा होते, त्यांनी एक कोरडं फडकं चौघडी करून माझ्या पायाखाली सरकवलं. मग तो जोड आला. घातला मी. दुपारपर्यंत बुटात ओलं लागायला लागलं, संध्याकाळी काढला तर आतलं अस्तर लाल. अंगठा परत सरळ झाला नाही तो नाहीच. पुढच्या महिन्यात मला काढलं, कारण लिहिलं — चालण्यात ऐट नाही.

पाय हलवू नका. हलवू नका, रेघ बिघडते. हो — त्या मॅडम तुम्हीच. आत आलात तेव्हाच ओळखलं. चालण्यावरून नाही, चालणं बदललंय तुमचं. आवाजावरून. दारातून "कोण आहे?" म्हणालात ना, अजून तस्संच, हजेरी घेतल्यासारखं. तुम्ही मला कशा ओळखाल — तेव्हा केस होते, लिपस्टिक होती, छातीवर पाटी होती. आता हा चामड्याचा ॲप्रन आणि चष्मा. नियम वरून आला होता? असेल, वरूनच येतात नियम. पट्टी कोणाच्या हातात होती? वरच्यांनी सांगितलं होतं का, की पत्र वाचू नका? की लॉबीतच उभी करा, मागच्या खोलीत नको? नियम अडीच इंचांचा होता मॅडम, बाकीचं सगळं तुमच्या पदरचं होतं.

बसायचंय? बसाल. जरा वेळ आणखी. खरं सांगायचं तर माप केव्हाच घेऊन झालंय — दोन मिनिटांचं काम असतं ते. मी तुम्हाला उगाच उभं ठेवलंय. वीस मिनिटं झाली, आम्ही नऊ तास राहायचो. इतकी वर्षं मनात हे दुकान लावत होते मी — आज ना उद्या पाय जाणार यांचे, सगळ्यांचेच जातात, आणि मग कुठे जाणार? एकच तर दुकान आहे. गल्लीच्या तोंडाशी पाटी लावली ना, तेव्हाही तुमचाच विचार होता डोक्यात. आणि बघा, आलात. सत्कारासाठी आलात! पस्तीस वर्षांच्या सेवेचा सत्कार आणि घालायला बूट नाहीत. मला इतकं बरं वाटलं तुम्ही बोलत होतात तेव्हा, सांगू नये इतकं. आणि त्यात ही घोट्यावरची शिवण. प्लेट आहे ना आत? अजून दुखते? दुखणारच — तीन-चार खिळे तर असतात, त्यांचाही कंटाळा केला की—

काही नाही. कसले खिळे म्हणजे... प्लेटचे. प्लेटला असतात तेच. बोलण्याच्या ओघात गेलं. असं बघू नका माझ्याकडे.

बरं. ऐकाच मग. एवी-तेवी तोंडातून गेलंय. मला काढल्यावर मी हॉटेलामागच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे शिकायला जात होते. चांगला माणूस, हाताला धरून शिकवलं त्यांनी — चामडं कापायची रापी कशी धरायची, चामडं कुठे ओढायचं, कुठे सोडायचं. तुमचे बूट त्यांच्याकडेच यायचे, तुमचा शिपाई घेऊन यायचा. वाइनच्या रंगाचा जोड, आतल्या कडेला झिजलेला — मी तो हजारात ओळखला असता, माझ्या नाकासमोर चालायचा रोज. डाव्याची टाच हलत होती. काका जेवायला गेले होते. टाच लावताना आतल्या बाजूने चार खिळे ठोकायचे असतात. मी एकही ठोकला नाही. नुसतं सोल्युशन लावलं, दाबून धरलं, वरून अस्तर नीट चिकटवलं. खोटं कशाला सांगू? इतकं सफाईदार काम मी तोवर केलंच नव्हतं. मला वाटलं होतं, लॉबीत निघून यावी टाच. सगळ्यांसमोर. एका पायाने उंच, एका पायाने बुटक्या अशा तुम्ही उभ्या, आणि मुली बघतायत. बस्स. एवढंच पाहिजे होतं. पायऱ्या माझ्या डोक्यात नव्हत्या. दहाव्या दिवशी काकांनीच येऊन सांगितलं — तुझ्या मॅडम पायऱ्यांवरून गेल्या, हाड दोन ठिकाणी मोडलंय. मी काय केलं विचारा. चहा केला. दोघांचा. आणि पहिल्यांदा सबंध वर्षात पोटभर जेवले.

वाईट वाटलं का? तुमचं नाही वाटलं. आजही नाही वाटत, तुम्ही माझ्यासमोर लंगडत आलात तरी नाही. पण मग कळलं, दादांना काढलं. फरशी ओली ठेवली म्हणून! बावीस वर्षं त्या माणसाने ती फरशी पुसली, आणि त्याच्या कागदावर लिहिलं निष्काळजी. ज्याने फडकं सरकवलं, त्याच्या. मी म्हटलं, घेतील परत एक-दोन महिन्यांत. मग म्हटलं, दुसरीकडे लागतील. निष्काळजी लिहिलेल्या माणसाला कोण घेतं? मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी नाही बोलले. काकांनाही नाही, आईला नाही, कोणालाच नाही. आता ते बाजारापलीकडच्या गोदामावर राखण करतात, टिनाच्या शेडखाली एक स्टूल आहे त्यांचं. मी मार्केटला लांबच्या रस्त्याने जाते. सहा वर्षं. काढलं तुम्ही त्यांना, मी नाही — असं मी रोज स्वतःला सांगते, आणि रोज ते थोडं कमी पटतं.

काय? हळू बोला, ऐकू नाही आलं. टाच... तुमच्या हातात होती? पडल्यावर उचललीत तुम्ही? उलटी करून पाहिलीत. म्हणजे जुन्या खिळ्यांची भोकं दिसली असतील, रिकामी. आणि फरशी? — बोला ना, फरशी ओली होती की नाही?

कोरडी होती.

थांबा, मला बसू द्या. कोरडी होती, तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही दादांच्या कागदावर सही केलीत? का? ...अहो पण का? — थांबा, सांगू नका, कळलं मला. टाच तुटून पडले म्हणाला असतात, तर वरच्यांनी विचारलं असतं, मॅडम, मग ही अडीच इंचांची भानगड हवीच कशाला? नियम गेला असता. पट्टी गेली असती. म्हणून फरशी ओली झाली. एका माणसाची भाकरी गेली, पण अडीच इंच राहिले! आणि मी वेडी, सहा वर्षं समजत होते की त्या पायऱ्यांवर चोर एकटी मीच. मान खाली घालून हिंडत होते गावात. तुम्ही नाही घातलीत कधी? नाही, तुमचा सत्कार आहे.

रडू नका. इथे नको. मी लॉबीत रडले नव्हते. आणि आता हे नका सांगू की आपण दोघी सारख्याच — सारख्या असू, असूच, पण तुमच्या तोंडून ऐकणार नाही मी ते. पोलिसांत जायचं असेल तर खुशाल जा, पत्ता पाटीवर आहे, मी नाकारणार नाही. खिळे मी नाही ठोकले, असं तिथेही सांगेन. पण त्याआधी मी गोदामावर जाणार आहे. आज. जवळच्या रस्त्याने. माझं सांगेन त्यांना, सगळं, चहासुद्धा सांगेन. आणि तुमचंही सांगेन — टाच हातात धरलेली, कोरडी फरशी, सही. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली तर खाईन. मग ते तुमच्याकडे येतील की वरच्यांकडे जातील की सत्काराला पुढच्या रांगेत येऊन बसतील, ते त्यांचं त्यांनी ठरवावं, आपण दोघींनी पुष्कळ ठरवलंय त्यांच्या वतीने.

बूट? तुम्ही अजून बूट विचारताय? कागद असू दे इथे, नाव घालून ठेवते. त्यांना विचारून येते. ते म्हणाले कर, तर करीन, असे करीन की तुम्हाला जन्मात कोणी असे घातले नसतील. ते नको म्हणाले, तर नाही. तुमची पर्स राहिली स्टुलावर. घ्या ती. आणि निघा आता, मला शटर ओढायचंय.