एका कार्यक्रमाचा बँड

हाव, आमचाही बँड होता भोकरमध्ये, आणि तो बरोबर एक कार्यक्रम टिकला. मिलिंद गायचा, संतोष ड्रम वाजवायचा, मी गिटार. दुसऱ्याचं गाणं वाजवायचं न्हाई, असा आमचा कडक नियम. दुष्काळात कॉलेजचं गॅदरिंग रद्द झालं, म्हणून मिलिंदनं आपल्या वस्तीतल्या भीमजयंतीचा स्टेज मिळवला.

त्यानंच लिहिलेलं विरहाचं गाणं आम्ही सुरू केलं. दोन कडवी झाली तरी मंडप गप्प. शेवटी पुढं बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कोण वारलं रे बाबा?"

मिलिंदचे वडील काशीनाथकाका भीमगीतांची गायन पार्टी चालवायचे. ते सरळ स्टेजवर चढले आणि त्यांनी पोराच्या हातातला माईक घेतला.

मिलिंद कुजबुजला, "बाबा, आमची इज्जत जाऊन राहिली."

"म्हणूनच आलो," काका म्हणाले आणि संतोषकडं वळले. "ठेका येतो का रे, का नुसती आदळआपट?"

संतोषला येत होता. काकांनी भीमगीत उचललं, अन् पहिल्याच कडव्याला अख्खा मंडप उभा राहिला. म्हातारी तर नाचूनच राहिली. मी आणि मिलिंद आपल्याच स्टेजवर पाहुण्यांसारखे उभे.

खाली उतरल्यावर काकांनी विचारलं, "संतोष, परवा हदगावला कार्यक्रम हाय. येतो का?"

"येतो की, काका."

मिलिंद भडकला. "अन् आपला बँड?"

संतोषनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लई मायेनं म्हणाला, "तुम्ही दोघं बी या की. आपल्याला कोरसला माणसं लागतातच."

गेलो आम्ही.