पानावरून उठू नये

मार्तंड : हात सोड, यज्ञेश. मोडेल रे!

यज्ञेश : मोडू दे! याच हातानं लिहिलंत ना सर, की ते उपनिषद बुद्धानंतरचं?

मार्तंड : मी नाही, त्याची भाषाच सांगते.

यज्ञेश : उद्याच्या व्याख्यानात मागे घ्यायचं. आधीचं आहे म्हणायचं, बस्स.

मार्तंड : आधीचं असतं, तर मुलुंड स्टेशनात नाचून सांगितलं असतं.

यज्ञेश : म्हणजे आपल्या ऋषींनी उसनं घेतलं?

मार्तंड : उत्तर दिलं रे! समोरच्याचं ऐकून उत्तर देणारा चोर ठरतो का?

यज्ञेश : पुरे!

(हाड मोडल्याचा आवाज. मार्तंडांची किंकाळी.)

पद्मजा : अरे राक्षसा! त्याच हातानं तुझा प्रबंध तपासला त्यांनी!

यज्ञेश : काकू, मधे येऊ नका. उद्या हेच बोलले तर डोकं फोडीन.

पद्मजा : रोज पहाटे तेच उपनिषद म्हणते मी. कुणाचं मनगट पिरगाळावंसं नाही वाटलं कधी. थांबा हो, हात हलवू नका. बर्फ आणते आतून.

मार्तंड : यज्ञेश... पाणी दे जरा.

यज्ञेश : मागे घेता?

मार्तंड : नाही.

यज्ञेश : मग मरा तहानेनं!

पद्मजा : हा घ्या बर्फ. पाणी प्या. यज्ञेश, तुझं पान घेतलंय.

यज्ञेश : काय?

पद्मजा : पाहुणा जेवल्याशिवाय मी जेवत नाही, ठाऊक आहे तुला. शिकायला यायचास, तेव्हा कितीदा तूच असायचास तो. आज दुसरं कुणी आलं नाही. तू असाच गेलास तर मी उपाशी.

यज्ञेश : यांना मारलं मी, काकू.

पद्मजा : पाहिलं ना. हात धू आधी, नखं रुतलीत तुझी, रक्त आहे त्यांचं. बस. आमटी गरम आहे.

यज्ञेश : ...तुमचा उपास माझ्या माथी नको. हे तळहातावर पाणी, घेतलं आपोशन. वाढा.

पद्मजा : वाढते.

यज्ञेश : बेल कुणी वाजवली?

पद्मजा : पोलीस असतील. बर्फ काढताना शेजारच्या श्रुतिकाला फोन केला.

यज्ञेश : फसवलंत मला!

पद्मजा : नाही रे. माझं व्रत खरं, फोनही खरा.

यज्ञेश : मी निघतो.

मार्तंड : बस, यज्ञेश. आपोशन घेतल्यावर पानावरून उठू नये. शाखेतल्या पोरांना तूच शिकवतोस ना?

पद्मजा : सावकाश जेव. त्यांना सांगते, ताकभात होईपर्यंत दारात थांबा.